डाव्या बटणातली पाचर

१

जखमी गवय्याला घेऊन दवाखान्याची गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडते न पडते, तोच मालकांना पाचर सापडली.

लाकडाची, अंगठ्याएवढी, प्रेसच्या डाव्या बटणात ठोकून बसवलेली. साच्यावरचं रक्त अजून ओलं होतं. मालकांनी सगळ्यांना जवळ बोलावलं, पाचर दाखवली आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "आता मी तरी काय करू?"

प्रेस म्हणजे डब्यांची झाकणं ठोकणारं यंत्र. खाली साचा, वर भलामोठा लोखंडी ठोकळा. कामगाराने साच्यात पत्रा ठेवायचा, दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी दाबायची, की ठोकळा खाली येतो, वर जातो आणि झाकण तयार. मग डाव्या हाताने झाकण काढायचं, उजव्याने नवा पत्रा सारायचा. दोन बटणं अशासाठी, की दोन्ही हात त्यांच्यावर असले म्हणजे ठोकळ्याखाली जायला हात उरतच नाही. सगळे ज्याला गवय्या म्हणत, त्या कामगाराचा डावा हात मात्र ठोकळ्याखाली सापडला होता. म्हणजे त्याने डाव्या बटणात पाचर ठोकली, डावा हात मोकळा केला आणि घाईघाईत चार बोटं घालवून बसला. गोष्ट सरळ दिसत होती.

आणि ती तशीच सरळ राहिली, तर गवय्याला फुटकी कवडीही मिळणार नव्हती. यंत्र चुकलं तर भरपाई आणि जन्मभराचं निवृत्तिवेतन. कामगाराने स्वतः यंत्राला चकवलं तर हात गेला तो गेला, वर नोकरीही गेली. घरात म्हातारी आई, बायको आणि बोटं नसलेला हात, एवढंच शिल्लक राहणार होतं.

त्यात कहर म्हणजे गवय्याने सगळं कबूल करून टाकलं होतं.

"पाचर आहे, कबुली आहे. आणखी काय हवं, वाजंत्री?" भरपाई कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं. "एक चक्कर मारून या आणि फाइल बंद करा."

हे ज्यांना सांगितलं त्या बाईंचं कार्यालयातलं नाव चौकशीबाई. पायाला भिंगरी लागलेली बाई. प्रश्न विचारताना चालत, उत्तर ऐकताना चालत, आणि समोरचा खोटं बोलू लागला की जास्तच जोरात चालत. हात गेलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ती यंत्राला शिव्या देत, मुकादमाला देत, नशिबाला देत; स्वतःवर दोष घ्यायला त्यांना महिने लागत. हा माणूस दवाखान्याच्या खाटेवरूनच मालकांची माफी मागून घरी परतला होता. ही गोष्ट बाईंना चपलेत शिरलेल्या खड्यासारखी सकाळपासून टोचत होती.

कारखान्यात शिरल्यावर त्या आधी पॅकिंगच्या खोलीतून गेल्या. तिथे बायका कोपराला कोपर लावून झाकणं कागदात गुंडाळत होत्या. बाईंना अंग चोरून, आडवं होऊनच पुढे जावं लागलं. पलीकडे प्रेसचं दालन. धाडधाड आवाज, प्रत्येक यंत्रापुढे एक पाठमोरा माणूस. कोपऱ्यातली नवी कोरी प्रेस तेवढी बंद होती आणि तिच्यापुढचं स्टूल रिकामं.

बाई सवयीने त्या स्टुलाला टेकायला गेल्या, तर मुकादमाने त्यांचा दंडच धरला.

"तिथं नका बसू, बाई. तिथं आता कोणीच बसत नाही."

२

"का बसत नाही?"

"वहम असतो माणसाला," मुकादम म्हणाला. मोठ्या मिशांचा, बुटका, घामेजलेला गृहस्थ. "दुसऱ्या पोरांना सांगून पाहिलं. म्हणतात, घरी बसवा पण त्या स्टुलावर बसवू नका."

"त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"शेजारीच. ओरडणं ऐकलं, धावलो, मेन स्विच पाडला. त्याचा हात काढला. काढला म्हणजे..." त्याने पुढचं गिळलं.

"बटणात पाचर दिसली?"

मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. "त्या गडबडीत कोण बटणं बघतंय, बाई? नंतर मालकांनी दाखवली तेव्हा पाहिली."

"म्हणजे दिसली नाही."

"दिसली नसेल. असेलच ना पण. गवय्याच म्हणतोय लावली, मग आम्ही कोण नाही म्हणणारे?"

बाई स्टुलाभोवती एक फेरी मारून फिटरकडे वळल्या. यंत्रांची दुरुस्ती त्याच्याकडे. उंच, किडकिडीत, खिशाला पेचकस लावलेला. काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे."

"मी अजून काही विचारलं नाही."

"नाही, आपलं सांगून ठेवतो."

चोराच्या मनात चांदणं, असं बाईंच्या मनात आलं. पण हा चोर आहे की नुसताच घाबरलेला माणूस, हे कळेना. घाबरलेली माणसंही चोरांसारखीच दिसतात.

मालकांची खोली काचेची होती. तिथून सगळं दालन दिसे. मालक बाईंना बसा म्हणाले, बाई बसल्या नाहीत. मग मालकही उभे राहिले आणि दोघं टेबलाभोवती मागेपुढे फिरू लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, लपंडाव चाललाय.

"हे बघा, मॅडम," मालकांनी उजवा हात पुढे केला. तर्जनीचं पेर गायब होतं. "मी काही बापाच्या जिवावर मालक झालो नाही. प्रेसवर वाढलोय. हे पेर तिथंच ठेवून आलोय. मला कोणी एक छदाम दिला नाही, मी मागितलाही नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर."

"आणि पाचर?"

मालक हसले. तरुणपण आठवलं की माणूस हसतो तसं. "अहो, जुन्या प्रेसवर आम्ही सगळेच ठोकायचो! चोरी नव्हती ती, रीत होती. डावं बटण पाचरीने दाबून ठेवायचं, उजव्याने काम चालू. झपाझप माल निघायचा. म्हणून तर बघितल्याबरोबर ओळखलं मी. मला काय कोणी शिकवायला हवं?"

"या नव्या प्रेसवर तुम्ही काम केलंय?"

"छे हो. माझ्या हातांना जुनीची सवय. नवीला मी हातही लावलेला नाही. तिची पूजा मुकादम आणि फिटर करतात." त्यांनी ड्रॉवरमधून पाचर काढून टेबलावर ठेवली. "घेऊन जा. पुरावा तुमचा."

बाईंनी पाचर उचलली आणि त्या सरळ दाराकडे चालू लागल्या.

"कुठे निघालात?"

"लावून बघते," बाई म्हणाल्या.

३

नव्या प्रेसभोवती लोक जमले. मालकांनी सगळ्यांना कामाला जायला सांगितलं, कोणी गेलं नाही.

फिटरने वीज चालू केली. साच्यात पत्रा नव्हता. बाईंनी मुकादमाला आधी पाचरीशिवाय चालवायला सांगितलं. त्याने उभ्याउभ्याच दोन्ही बटणं दाबली. ठोकळा धाडकन खाली आला, वर गेला आणि थांबला. सगळे साच्याकडे बघत होते. फिटर मात्र वर, ठोकळ्याकडे बघत होता. ठोकळा वर थांबला तेव्हा त्याने एवढा मोठा श्वास सोडला की बाईंनी वळून पाहिलं.

मग बाईंनी स्वतः डाव्या बटणात पाचर बसवली. बटण दाबलं गेलं, तसंच दाबलेलं राहिलं. त्यांनी सगळ्यांना मागे सरायला लावलं, स्वतः शक्य तेवढ्या लांब उभ्या राहिल्या आणि उजवं बटण दाबलं.

प्रेस हलली नाही.

पुन्हा दाबलं. ढिम्म.

"तार सैल झाली असेल," मालक म्हणाले.

"तार नीट आहे," फिटर म्हणाला. त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं त्याला सोसवलं नाही. बोलून गेल्यावर जीभ चावली.

"मग?"

उत्तर मुकादमाने दिलं, तेही बुटांकडे बघत. "ही नवी जात आहे, बाई. हिची दोन्ही बटणं दर वेळी सोडायला लागतात आणि दर वेळी एकदम दाबायला लागतात. एक आधीच दाबून ठेवलं तर ही चालतच नाही. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो."

दालनात एकाएकी सगळ्यांना आपापली कामं आठवली.

बाई फाटकापर्यंत भराभर चालत गेल्या आणि तशाच परत फिरल्या. डोकं पायांच्या पुढे धावत होतं. पाचरीने ही प्रेस चालत नाही. मग गवय्या ती कशाला लावेल? तो रोज या यंत्रावर बसणारा. मुकादमही नाही लावणार, तो तर हेच शिकवतो. फिटर तर नाहीच, त्याला यंत्राची नस न् नस ठाऊक. ही चूक एकच माणूस करू शकतो: जुन्या प्रेसवर वाढलेला आणि नवीला हात न लावलेला. पाचर अपघातानंतर ठोकली आणि ठोकणाऱ्याने आपल्या तरुणपणीची युक्ती दुसऱ्याच्या यंत्रावर चालवली. मालकांनी पाचर दाखवली नसती, नुसती कबुली असती, तर कदाचित बाई सकाळीच फाइल बंद करून गेल्या असत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण तेवढ्याने गवय्याचं काय भलं होणार होतं? पाचर खोटी असली तरी हात खरोखरच गेला होता. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोकळा पडत नाही, आणि एक हात तर ठोकळ्याखाली होता. मग ठोकळा पाडला कोणी?

इतक्यात फोन वाजला. साहेब होते. "बाई, काय चालवलंय तुम्ही? मालकांचा फोन आला होता. कबुली दिलेल्या माणसाची वकिली करायला पाठवलं नव्हतं तुम्हाला. आज फाइल बंद झाली पाहिजे."

४

कारखान्यासमोर चहावालीची टपरी होती. बाई तिथे गेल्या त्या चहासाठी नव्हे, चालायला जागा संपली म्हणून.

"बसा की घटकाभर," चहावाली म्हणाली. "सकाळपासून बघतेय, तुम्ही फाटकात आत-बाहेर. काय हरवलंय?"

"एक हात हरवलाय. गवय्याच्या दोन हातांखेरीज तिसरा, बटण दाबणारा."

"गवय्या!" चहावालीने कपाळाला हात लावला. "प्रेसच्या ठोक्यावर गाणं म्हणायचा हो. ठोका चुकला की इथे येऊन हसायचा, म्हणायचा, मावशी, आज माझ्या तबलजीने मध्येच एक थाप जास्त मारली."

बाईंचा कप ओठांशीच थांबला. "एक थाप जास्त?"

"असंच म्हणायचा. मला काय कळतं त्यातलं."

चहावालीने माश्या बसू नयेत म्हणून भरलेल्या कपांवर पत्र्याची झाकणं ठेवली होती. बाईंनी एक उचललं. कारखान्याचंच, वाया गेलेल्या मालातलं. कडेची गोल रेघ छान उठली होती. पण तिच्या शेजारी, जराशी सरकलेली, तशीच दुसरी रेघ होती. दुसरं झाकण उचललं. त्यावरही दोन. तिसऱ्यावरही.

"ही कुठून आणली?"

"गवय्यानेच दिली. पूर्वी कधीतरी एखादं आणायचा. मग मूठमूठ भरून आणायला लागला. मी म्हटलंसुद्धा, कारखाना बुडवणार वाटतं तुम्ही. तर म्हणाला, मावशी, कारखाना नाही बुडत, आम्हीच बुडतो."

बाईंनी झाकण उन्हात धरलं. एकदा ठोकल्यावर झाकण तयार होतं. त्यावर दुसरा ठोका बसला, तोही जागचं जरा हलल्यावर. झाकण हलतं कधी? ते काढायला कोणी हात घालतं तेव्हा. हात घातलेला असताना, बटणांना कोणाचा स्पर्शही नसताना, ठोकळा आपणहून पुन्हा खाली आला होता. टपरीवरचं प्रत्येक झाकण म्हणजे गवय्याने ऐन वेळी मागे खेचलेला हात होता. किती वेळा वाचला होता तो माणूस, आणि तरी रोज सकाळी येऊन त्याच स्टुलावर बसत होता!

फिटर चहाला आला आणि बाईंच्या हातातलं झाकण बघून तिथेच थबकला.

"सकाळी ठोकळा वर थांबला तेव्हा तुम्हाला एवढं हायसं का वाटलं?" बाईंनी विचारलं.

त्याने कप घेतला, एकदा मागे फाटकाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ब्रेक घासलाय. ठोकळा वर गेला की ब्रेकने तो धरून ठेवायचा. कधी धरतो, कधी नाही. मी सांगितलं होतं, मशीन बंद ठेवा. गवय्यानेही सांगितलं. मालक म्हणाले, हातातली ऑर्डर निघू दे."

"हे लिहून द्याल?"

फिटरने कप ठेवला. "मी काही बोललोच नाही, बाई. तुम्ही काय ऐकलंत मला ठाऊक नाही. मला दोन मुली आहेत." आणि चहा तसाच टाकून तो निघून गेला.

टपरीवरची झाकणं कोणीही कुठलीही म्हणू शकलं असतं. ज्याचा हात गेला तोच स्वतःला गुन्हेगार म्हणत असेल, तर चार वाकड्या झाकणांना कोण विचारतो? बाईंनी एक झाकण पिशवीत टाकलं आणि गवय्याच्या घराची वाट विचारली.

५

दोन खोल्यांचं घर. गवय्या खिडकीशी खुर्चीत बसला होता, बांधलेला हात उशीवर. आई पीठ मळत होती. घरात इतकी शांतता होती की बाईंना स्वतःच्या चपलांचा आवाज नको झाला.

"मीच लावली पाचर," गवय्या पाठ केल्यासारखं म्हणाला. "लिहून दिलंय मी."

"सकाळी मीही लावली. प्रेस हलली नाही."

तो खिडकीबाहेर बघू लागला.

"ही चूक मालक करतील," बाई म्हणाल्या. "मी करीन. तुम्ही कशी कराल? तुम्हाला तर ठाऊक होतं." त्यांनी पिशवीतलं झाकण त्याच्या मांडीवर ठेवलं. "आणि हेही ठाऊक होतं."

त्याने उजव्या हाताचं बोट दोन रेघांवरून फिरवलं. त्याचे डोळे भरून आले, पण तो म्हणाला, "बाई, तुम्ही भल्या आहात. पण आता जा."

"काय कबूल केलंय त्यांनी तुम्हाला?"

त्याने मान फिरवली. पण म्हाताऱ्या माणसांना गुपित म्हणजे काय ते कळत नाही, चांगली बातमी तेवढी कळते. आई पिठाचे हात झटकत म्हणाली, "देवमाणूस आहेत हो मालक! याची एवढी चूक होऊनसुद्धा सुनेला कामावर घेतलं. आज दुपारपासनंच. पॅकिंगला."

"आई!" गवय्या ओरडला. मग आवाज उतरवून बाईंना म्हणाला, "भरपाईचं भांडण वर्षानुवर्षं चालतं. तोवर यांना काय खाऊ घालू? मालक म्हणाले, तू दोष घे, बायकोला कायम करतो. बसून काम, कागद गुंडाळायचे. माझा एक हात गेला, तिचे दोन आले. वाईट सौदा आहे का सांगा."

दिवसभर न थांबलेले बाईंचे पाय एकदम थांबले.

"पॅकिंगला?" त्या म्हणाल्या. "मी सकाळी त्या खोलीतून आले. तिथे आडवं झाल्याशिवाय जाता येत नव्हतं. तिथे आणखी एक बाई बसवणार कुठे?"

"मग बसवलं असेल कुठेतरी," आई म्हणाली.

"त्या अख्ख्या कारखान्यात रिकामं स्टूल एकच आहे." बाईंना आपलाच आवाज परका वाटला. "त्यावर जुनं माणूस कोणी बसायला तयार नाही. नवं माणूसच बसवावं लागणार."

गवय्याच्या मांडीवरचं झाकण खणकन खाली पडलं. तो उभा राहिला होता.

"तिला मी खरं सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "तिला वाटतं, पाचर लावली म्हणून झालं. तिला वाटतं, पाचर लावली नाही की काही होत नाही."

६

तो अनवाणीच पळाला. बांधलेला हात छातीशी धरून, माणसांना खांद्याने बाजूला सारत. बाई मागे. आयुष्यभर चालण्याची सवय असूनही त्यांना त्याला गाठता येईना. 'थांबा, पडाल' असं म्हणावंसंही त्यांना वाटलं नाही. थांबण्यासारखं काही नव्हतंच.

फाटकाशी तो क्षणभर थबकला. आतून सगळ्या यंत्रांचा मिळून एकच गदारोळ येत होता. त्यातून त्याने आपल्या यंत्राचा ठोका निवडला. "चालू आहे," एवढंच म्हणाला आणि आत घुसला.

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याची बायको बसली होती. पदर खोचलेला, पाठ ताठ. शेजारी मुकादम. बटणं दाबून तिने नुकतेच हात उचलले होते आणि डावा हात झाकणाकडे निघाला होता. गवय्याने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि सगळं दालन एकदम मुकं झालं.

"अहो!" बायको उठली. "तुम्ही कशाला आलात? पहिल्याच दिवशी घालवता का मला कामावरनं?"

"हात बघू."

"काय झालंय तुम्हाला?"

"हात दाखव तुझे!"

तिने घाबरून दोन्ही हात पुढे केले. त्याने आपल्या एका हाताने ते उलटसुलट करून पाहिले, एकेक बोट चाचपलं. इतक्या लोकांसमोर नवऱ्याने आपले हात धरलेले, तिला लाजही वाटली आणि भीतीही.

काचेच्या खोलीतून मालक बाहेर आले. "मेन कोणी पाडला?"

"मी," गवय्या म्हणाला. "मालक, मी पाचर लावली नव्हती. खोटं बोललो. हा ठोकळा आपणहून दुसऱ्यांदा पडतो. तुम्हालाही माहीत आहे, मलाही."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"घ्या!" मालक बाईंकडे वळले. "तेव्हा एक, आज एक. अशा माणसाचं काय ऐकायचं, मॅडम? मशीन ठणठणीत आहे. विचारा फिटरला."

फिटर पेचकसाशी चाळा करत होता. मुकादम बुटांकडे बघत होता.

धाप लागलेल्या बाई म्हणाल्या, "पाचर तुम्ही ठोकलीत. या प्रेसवर पाचर चालत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, एक तुम्ही सोडून. आणि झाकणांवर दोन दोन रेघा उठताहेत. ऑर्डरपायी ब्रेक बदलला नाहीत, त्याचं ते फळ."

मालकांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. "माझं बोट गेलं तेव्हा मला काय मिळालं?" ते म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते. "कोणी आलं चौकशीला? मी उभा राहिलो. याला मी काम दिलं, घर चालवतोय याचं. आणि वर मीच चोर? मशीनला काही झालेलं नाही. शब्द आहे माझा."

मालकांनी शब्द दिला की दालनात कोणी बोलत नसे. आताही कोणी बोललं नाही. बाईंना वाटलं, संपलं. पाचर खोटी ठरेल, पण यंत्राचा दोष कोण सांगणार? दोनदा दोन गोष्टी बोललेल्या माणसाची साक्ष ती केवढी?

तेव्हा गवय्याची बायको स्टुलापासून बाजूला झाली.

"मालक," ती म्हणाली. "मशीन चांगलं आहे ना? मग तुम्ही बसा. मी नवी आहे. एक झाकण काढून दाखवा, मी बघून शिकते."

कोणीतरी खोकलं. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. मुकादम भिंतीपाशी गेला आणि कोणी न सांगता त्याने मेन स्विच वर केला. प्रेस गुरगुरू लागली.

आता माघार घेणं म्हणजे सगळ्या दालनासमोर नाक कापून घेणं. मालक बसले. पत्रा ठेवला. दोन्ही बटणं दाबली. ठोकळा धाडकन आला, वर गेला, थांबला. साच्यात झाकण चकाकत होतं.

मालकांचा डावा हात बटणावरून उचलला गेला. साच्याच्या कडेपर्यंत आला. तिथे थांबला.

कोणी हललं नाही. मालकांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला, तो त्यांनी पुसला नाही. ते वर ठोकळ्याकडे बघत होते.

"घ्या ना झाकण," ती म्हणाली. "मी तर दुपारपासून घेतेय."

हात पुढे सरकला नाही.

"नका घालू हात, मालक!" फिटर ओरडला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "ब्रेक गेलाय तिचा, तुम्हाला सांगितलंय मी, नका घालू!"

मालकांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पोटाशी धरून ते स्टुलावर तसेच बसून राहिले. मुकादम घसा खाकरून म्हणाला, "बाई, माझी साक्ष घ्या. मी धावलो तेव्हा बटणात काही नव्हतं. नीट पाहिलं होतं मी." त्याच्या मागून आणखी कोणी म्हणालं, माझीही घ्या, मग आणखी कोणी. गवय्याची भरपाई तिथेच ठरली; कार्यालयाचा शिक्का नंतर उमटला.

गवय्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला. "मला विचारायचं तरी," ती म्हणाली आणि रडू लागली. मग तोच हात तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्याला फाटकाकडे घेऊन गेली.